डावखोरा

माझी मुंज काकांनी लावली. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं, मी आठ वर्षांचा होतो. डोक्यावरून उपरणं ओढून काकांनी कानात गायत्री सांगितली, तेव्हा मंत्राच्या आधी मला तपकिरीचा वास आला. तिसऱ्या खेपेला मला सणसणीत शिंक आली आणि उपरणं उडालं. गुरुजी हसले, काका हसले, मांडव हसला. त्या दिवसातलं मला लख्ख आठवतं ते एवढंच, आणि मातृभोजन.

मातृभोजनाला माझ्या ताटात काकू बसली. विधवेनं अशा वेळी पुढे यायचं नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. काकू प्रेमळ होती, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तिनं वरणभात कालवला आणि वर भरपूर तूप ओतलं. मला तूप चालत नसे, वासानं मळमळायचं. आई माजघराच्या दारात उभी होती. काकूनं तुपाची वाटी उचलली तेव्हा आईचा हात जरासा वर झाला आणि तसाच खाली आला. मी तो घास गिळला.

हे सगळं इतक्या वर्षांनी उसळून वर आलं ते २०१९ च्या अखेरीस, एका बातमीमुळे. मोशे होल्त्झबर्गचा बार मित्झ्वा झाला, म्हणजे तेराव्या वर्षी होणारा ज्यू मुलांचा संस्कार, आपल्या मुंजीसारखा. मुंबईकरांना तो 'बाळ मोशे' म्हणूनच माहीत. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यात रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल आणि रिव्का हे त्याचे आईवडील मारले गेले. पोर दोन वर्षांचंही पुरतं झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या रडण्याचा आवाज ऐकून सँड्रा सॅम्युअल ही त्याची आया वर धावली आणि त्याला उचलून बाहेर पडली. तिच्या कडेवर रडणाऱ्या मुलाचा तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुढे आजी-आजोबांनी त्याला इस्राएलमध्ये अफुला गावी वाढवलं. सँड्राही तिकडेच गेली. ती ज्यू नाही, तरी इस्राएलनं तिला मानाचं नागरिकत्व दिलं. मोशे २०१८ च्या जानेवारीत मुंबईला येऊन ते घर बघून गेला. आणि आता तो तेरा वर्षांचा झाला होता. पंतप्रधानांनी त्याला पत्र पाठवलं, वगैरे बातमीत होतं. मला त्या पत्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. माझ्या डोक्यात प्रश्न आला तो निराळाच: त्याच्या दंडावर प्रार्थनेचा पट्टा कुणी बांधला असेल?

हा प्रश्न माझ्या डोक्यात येण्याचं कारण म्हणजे माझा शाळेतला एक मित्र. आमचं गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, आताच्या रायगडातलं. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. त्यांना गावात शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी घाण्यावर तेल काढायचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. आडनाव गावावरून, शेवटी 'कर'. घरात अस्सल कोकणी वळणाची मराठी. त्याची आजी आमच्या आजीपेक्षा जास्त म्हणी वापरायची. त्याचे वडील तो दहा वर्षांचा असताना गेले. म्हणजे पोरकेपणात मी त्याला सिनियर होतो. दोघं एका बाकावर बसायचो. मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा पूर्ण नाव उच्चारायचे, मधलं नाव बापाचं. आपल्याकडे हे किती सहज होऊन जातं! माणूस गेला तरी रोज सकाळी साडेदहाला त्याचं नाव घेतलं जातं आणि पोरगं 'हजर' म्हणतं.

मित्राच्या वाट्याला तेव्हा आणखी एक काम आलं होतं. तो सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, उभा राहून गेलेल्या वडिलांसाठी कद्दीश म्हणायचा. या प्रार्थनेची भाषा अरामी, आणि गंमत म्हणजे तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. तिचं नाव मात्र 'कद्दीश यातोम', पोरक्याचा कद्दीश. मध्ययुगात ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंमध्ये ही चाल पडली. बाप गेलेल्या मोठ्या मुलानं प्रार्थनेचं पुढारपण करायचं असे, लहान मुलाला ते करता येत नसे. मग त्याच्यासाठी शेवटी हा तुकडा ठेवला. पोरानं म्हणायचं आणि सगळ्या जमावानं त्याला उत्तर द्यायचं. आज ती प्रार्थना सगळेच म्हणतात, साठीचे म्हातारेसुद्धा. पण बसवली होती ती पोरक्या मुलांसाठी, एवढी मला आवडणारी गोष्ट त्या धर्मात दुसरी नाही. मोठ्यांच्या सभेत लहानग्याला बोलायला जागा करून दिली, आणि तीही उत्तर मिळेल अशी.

हिब्रूतला 'यातोम' म्हणजे आईबाप दोघंही गेलेलाच असं नाही. एक गेला तरी यातोमच. आपला 'पोरका' त्याच्या जवळचा शब्द. 'अनाथ' म्हटलं की आश्रम आठवतो.

मित्राचा बार मित्झ्वा १९७४ साली थंडीच्या दिवसांत, एका सोमवारी झाला. सोमवार का, तर तोराचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं, वाचन शनिवारशिवाय सोमवारी आणि गुरुवारीही होतं, आणि तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या पेट्या, शनिवारी बांधत नाहीत. दोन्ही एका सकाळी उरकायचं तर सोमवार किंवा गुरुवार. खरं सांगायचं तर धर्माच्या दृष्टीनं समारंभाची गरजच नसते. 'बार' म्हणजे अरामीत मुलगा, 'मित्झ्वा' म्हणजे आज्ञा. मुलाला तेरा पूर्ण झाली, मुलीला बारा, की दुसऱ्या दिवशी उठल्यापासून सगळ्या आज्ञा लागू. कुणी पेढे वाटले नाहीत तरी लागू. मग पोरक्या मुलाचा बार मित्झ्वा दुसऱ्यांनी करून द्यायचा म्हणजे नक्की काय करून द्यायचं? जेवणावळ? ती तर कुणीही घालील.

तेफिलीन ही वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली. काळ्या चामड्याच्या दोन लहान पेट्या, प्रत्येकीला काळा पट्टा. एक दंडावर, हृदयाकडे वळेल अशी, दुसरी कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे. आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेले तोरातले चार उतारे. दोन्ही पेट्यांत मिळून ३,१८८ अक्षरं, आणि ती क्रमानंच लिहायची. एक अक्षर राहिलं तर मागे जाऊन घुसडता येत नाही, सगळं बाद. म्हणून जोडी महाग पडते. मित्राकडे वडिलांचीच जोडी होती. पण डोक्याच्या पट्ट्याची गाठ वडिलांच्या डोक्याच्या मापाची. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून ती घसरून कानांवर यायची. गाठ सोडून नव्या मापानं बांधणं हे जाणत्याचं काम. त्यासाठी मुंबईहून एक वृद्ध गृहस्थ आले होते, नात्यातले नव्हेत. खोकल्यानं बेजार झालेले. त्यांनी आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून ती गाठ सोडली. पट्ट्यावर जुन्या गाठीची वळी पडलेली होती, तिथलं चामडं फिकं. मी शेजारीच बसलो होतो. ते बोटानं ती वळी पुन:पुन्हा चोळत होते, पण ती काही जाईना.

सकाळी त्यांनीच बांधायला घेतलं. मित्रानं बाही वर सारली. गृहस्थांनी त्याचा डावा हात धरला, पेटी दंडावर ठेवली. बांधायचं ते कमजोर हातावर, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या. मनगटापर्यंत सात वेढे घ्यायचे. त्यांचा दुसरा की तिसरा वेढा चालू होता आणि वर बायकांच्या सज्जातून आजीचा आवाज आला, "अहो, डावखोरा आहे तो!"

सगळे थांबले. डावखोऱ्यानं उजव्या हाताला बांधायचं असतं. गृहस्थांनी पट्टा सोडला, मित्राकडे बघितलं आणि विचारलं, "बोलला का नाहीस?" मित्र गप्प. पुढे कितीतरी वर्षांनी त्यानं मला सांगितलं, की एवढे लांबून आलेले म्हातारे, आपल्यासाठी पहाटे उठलेले, त्यांची चूक काढायची कशी? मला त्याचं उत्तर ऐकून तुपाचा घास आठवला.

बापाला हे सांगावं लागलं नसतं.

तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, बापाची कर्तव्यं मोजून दिलेली आहेत: मुलाची सुंता करायची, पहिला असेल तर पुरोहिताला पैसे देऊन त्याला सोडवून घ्यायचं, तोरा शिकवायची, लग्न लावून द्यायचं, एखादा कसब-धंदा शिकवायचा. आणि काही जण म्हणतात, पोहायलाही शिकवायचं. ते 'काही जण' मला फार शहाणे वाटतात. बाप नसेल तर? तालमुदातच एक वाक्य आहे, की रब्बान गमलिएल आणि त्यांचं न्यायमंडळ हेच पोरक्यांचे बाप. मूळ संदर्भ रुक्ष आहे, कर्जवसुलीचा. पण त्या एका ओळीवर गावोगावच्या ज्यू समाजांनी शेकडो वर्षं फंड उभारले. आणखी एका ठिकाणी म्हटलंय, पोरका मुलगा आणि पोरकी मुलगी दोघंही मदत मागायला आली तर आधी मुलीचं बघा. आणि बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री मैमोनिडीस तर चक्क नियम घालून देतो: पोरक्यांशी मऊ बोला, ते श्रीमंत असले तरी, राजाची मुलं असली तरी. मग तो स्वतःच विचारतो, यांना पोरकं म्हणायचं कुठवर? त्याचं उत्तर तेरा वर्षांपर्यंत असं नाही. टेकायला, सांभाळायला दुसरा मोठा माणूस लागेनासा होईपर्यंत, असं आहे. कायद्याचा माणूस, पण आकडा टाळला.

आमच्या गावच्या त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली, किंवा झाली नाही. मुलगा तोरा वाचून उतरला की बाप एक वाक्य म्हणतो. अर्थ ऐकायला कडक आहे: याच्या शिक्षेतून मला ज्यानं सोडवलं तो धन्य. म्हणजे आजवर पोराच्या चुका माझ्या खाती जमा होत होत्या, यापुढे त्याच्या. मित्र वाचून उतरला, ओळीवर फिरवायचा चांदीचा, हाताच्या आकाराचा दर्शक त्यानं खाली ठेवला, आणि हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, क्षणभर थांबले. ते वाक्य कुणी म्हटलं नाही. मामा होते, चुलते होते, मुंबईचे गृहस्थ होते. कुणीच पुढे झालं नाही. मग वरून बायकांनी गोळ्या-खडीसाखर फेकली आणि आम्ही पोरं जमिनीवर तुटून पडलो. मित्र अजून थट्टेत म्हणतो, "मला कुणी सोडवलंच नाही रे. मी बाबांच्याच खात्यावर आहे अजून. चुका करायला मोकळा."

मात्र त्याला वाचायला बोलावताना जी हाक मारली, ती मी विसरलेलो नाही. आधी त्याचं नाव, मग 'बेन', मग वडिलांचं नाव. अमक्याचा मुलगा तमका, पुढे ये. हजेरीच्या वेळी रोज ऐकलेलं नाव, पण इथे ते मोठ्या आवाजात, सूर लावून घेतलेलं. बाप मेला म्हणून ते बदलत नाही. मामाचं लागत नाही, खर्च करणाऱ्याचं लागत नाही. मोशेच्या वेळीही हाक आली असेल ती 'बेन गॅव्रिएल' अशीच.

नंतर मलिदा झाला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना. खोबरं किसायला माझी आई गेली होती. तिथे तिला कुणी माजघरात थांब म्हणालं नाही. मित्राची आईही विधवाच, ती वर सज्जात सगळ्यांत पुढे, कठड्याला टेकून उभी होती. बायका वर आणि पुरुष खाली हे वेगळं करणं मला आजही पटत नाही, पण पुढची जागा तिची होती. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "मलिद्यात साखर जरा कमीच होती." मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

गृहस्थांना निघायची घाई होती, एसटी पकडायची होती. जाताना ते म्हणाले ते मला तेव्हा कळलं नव्हतं: "चला, दहावा मिळाला." सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. भारतात वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्राएल १९४८ नंतर इस्राएलला जायला लागले होते. गावागावांत दहा जुळवताना मारामार. म्हणजे आम्ही समजत होतो ते सगळे एका पोरक्या पोरासाठी आले आहेत. खरं तर त्यांनाही तो हवा होता. उपकाराचं ओझं यानं किती हलकं होतं! माझ्या मुंजीनं कुणाचं काही अडलेलं सुटलं नव्हतं.

पाच वर्षांनी तोही गेला. आता दक्षिण इस्राएलमधल्या एका गावात असतो, निवृत्त आहे, नातवंडांशी हिब्रू आणि माझ्याशी मराठी बोलतो. मोशेची बातमी वाचून मी त्याला फोन केला, तेव्हा त्यानं मला यरुशलेममधल्या सामुदायिक बार मित्झ्वाबद्दल सांगितलं. कोलेल खबाद नावाची संस्था आहे, १७८८ पासूनची. ती दरवर्षी शंभराहून जास्त पोरक्या मुलामुलींचा हा दिवस साजरा करते. पश्चिम भिंतीपाशी मुलांना तेफिलीन बांधायचं, मग मोठ्या सभागृहात गाणी, नाच, जेवण. प्रत्येक मुलाला स्वतःची जोडी मिळते. आईला खर्चाची काळजी नाही. कुणाचा बाप युद्धात गेलेला, कुणाचा कॅन्सरनं, कुणाचा रस्त्यावर.

मी जरा नाक मुरडलं, हे कबूल करतो. आपल्याकडच्या सामुदायिक मुंजी आणि विवाह डोळ्यांपुढे आले. मंचावर पुढारी, मागे देणगीदारांची नावं, पोरांच्या गळ्यात एकसारखे हार. शंभर पोरक्यांना एका रांगेत उभं करून फोटो काढायचा, याला मदत म्हणायचं का? मित्र म्हणाला, "तू वरून बघतोस. पोराच्या बाजूनं बघ. वर्गात बाप नसलेला तो एकटा असतो. त्या दिवशी बाप असणारा विचित्र ठरतो." यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मुलींचंही तसंच. तेफिलीन सनातनी परंपरेत मुलींना नाही, आणि मुलींसाठी समारंभ ही चालच अलीकडची. १९२२ साली न्यूयॉर्कला एका रब्बीनं आपल्या मुलीला सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर वाचायला लावलं, त्याची अजून नोंद घेतात. घरात बाप नसला की मुलीचा तो दिवस आधी राहून जातो. तिथे मात्र ती रांगेत असते.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर आमचे फोन कमी झाले. हमासच्या त्या हल्ल्यानं आणि नंतरच्या गाझातल्या युद्धानं कुंपणाच्या दोन्ही बाजूंना किती मुलं पोरकी केली, त्यावर आमचं एकदा भांडणही झालं. ते इथे लिहीत नाही.

एक मात्र त्यानंच मला सांगितलेलं लिहितो. १९४४ साली नाझींच्या बर्गेन-बेल्सन छळछावणीत सायमन डासबर्ग नावाच्या डच रब्बींनी एका मुलाला गुपचूप तोरा वाचायला शिकवलं आणि पहाटेच्या अंधारात बराकीत त्याचा बार मित्झ्वा केला. मुलाचे आईबाप जिवंत होते, पण त्याच्यापासून तोडलेले. वाचायला होती तळहाताएवढी तोरा. रब्बींनी ती नंतर त्याच मुलाला देऊन टाकली: तू इथून जिवंत सुटशील, आणि सुटलास तर हे लोकांना सांग. रब्बी छावणीतच गेले. मुलगा वाचला, इस्राएलमध्ये भौतिकशास्त्रज्ञ झाला, आणि ती चिमुकली तोरा त्यानं इलान रामोन या अंतराळवीराच्या हाती सोपवली. १६ जानेवारी २००३ ला ती कोलंबिया यानातून वर गेली. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारीला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रातले ते सात फोटो मी किती दिवस जपून ठेवले होते, आणि त्यातल्या एकाच्या सामानात एका पोराची ती पहाट होती, हे मला सोळा वर्षांनी कळलं.

मित्र हल्ली आठवड्यातून एकदा, गावातल्या बाप नसलेल्या दोन-तीन मुलांना तेफिलीन बांधायला आणि तोराचे सूर शिकवायला जातो. पैसे घेत नाही. "मी काही बाप-बीप होत नाही त्यांचा," म्हणाला. "मला वेळ कुठाय? मी फक्त सुरुवातीला एक विचारतो. कोणत्या हातानं लिहितोस?"

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा आला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, लिहितो कुठे, फोनवर टाइप करतो, दोन्ही अंगठ्यांनी.

"मग रे?"

"मग काय, टेबलावर संत्रं होतं, ते फेकलं त्याच्याकडे. पठ्ठ्यानं दोन्ही हातांनी झेललं. म्हटलं, आता परत फेक."

"आणि?"

"डाव्यानं फेकलं. खिडकीबाहेर."